विजेच्या आघातानंतर संमिश्र पदार्थांच्या अवशिष्ट सामर्थ्याचे परीक्षण

प्रस्तावना : द्रोणागिरीच्या ईशान्येस असलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आधुनिक विमानांत कार्बन तंतू व रेझिन यांच्या संमिश्र पदार्थाचा वापर वाढला आहे. बोइंग ७८७ च्या वजनात संमिश्र पदार्थांचा वाटा सुमारे ५० टक्के आहे. अशा भागावर वीज पडल्यानंतर त्याचे उरलेले सामर्थ्य कसे मोजतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हानीचे स्वरूप : हा पदार्थ ॲल्युमिनियमपेक्षा विद्युत्प्रवाहास पुष्कळ अधिक विरोध करतो. त्यामुळे आघातस्थानी तीव्र उष्णता निर्माण होते, रेझिनचे विघटन होऊन वायू तयार होतात व त्यांच्या दाबाने आतील थर परस्परांपासून सुटतात. पृष्ठभागावरील डाग लहान असला तरी आतील हानी मोठी असू शकते.

परीक्षण : प्रयोगशाळेत नमुन्यावर कृत्रिम विजेचा आघात करतात. नंतर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी सुटलेल्या थरांचे क्षेत्र मोजतात आणि अखेरीस नमुना मोडेपर्यंत दाबतात. ताण मुख्यत्वे तंतू पेलतात. दाबाखाली मात्र सुटलेले पातळ थर स्वतंत्रपणे वाकतात. म्हणून येथे दाबचाचणी विशेष महत्त्वाची ठरते. आघातग्रस्त नमुन्याचे दाबसामर्थ्य अखंड नमुन्याच्या किती टक्के आहे, यावरून अवशिष्ट सामर्थ्य व्यक्त करतात.

निष्कर्ष : सेवेतील विमानाचा पंख मोडून पाहता येत नाही. त्यामुळे नमुन्यांवरून हानीचे क्षेत्र व सामर्थ्य यांचा संबंध आधीच सिद्ध करून ठेवणे अगत्याचे आहे. प्रवाशांची सुरक्षितता केवळ डागाच्या आकारावर सोपविता येणार नाही.