जमीन गेली, गाव राहिले

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा एकच गोष्ट बोलली जाते, ती ही की माणसे फार झाली. किती झाली हे शिरगणतीच्या पुस्तकात सापडते. परंतु कोण आले, कोण गेले, आणि जे राहिले त्यांच्या हातात काय राहिले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी एखादे गाव धरून पाहावे लागते. आम्ही घणसोली धरतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला वसलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव.

मात्र आधी थोडे लांब, आयर्लंडात जाऊन येऊ. कारण जमीन आणि लोकवस्ती यांचे नाते तिथे फार उघडे दिसते. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसे होती. जमीन जमीनदारांची, त्यांतले पुष्कळ इंग्लंडात राहणारे. कसणारे कूळ, आणि कुळाचे पोट बटाट्यावर. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने व साथींनी मेली आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून परदेशी गेली. १८५१ साली गणती ६५ लाखांवर आली. दुष्काळ सरला तरी ओहोटी थांबली नाही. १९११ साली बेटावर ४४ लाखही उरले नव्हते. मध्यंतरी, १८७९ साली, कुळांनी लँड लीग काढली. दुसऱ्याच वर्षी बॉयकॉट नावाच्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सारा व्यवहार तोडला, आणि त्या गृहस्थाचे आडनाव बहिष्काराला जगभर चिकटले. पुढे कायदे होऊन कुळे मालक झाली. पण तोवर गावेच्या गावे रिती झाली होती. आजही त्या बेटावरची वस्ती १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही.

आपल्या कोकणातही जमीनदार होते. त्यांना खोत म्हणत. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप केला आणि १९३९ पर्यंत शेते पडीक ठेवली. सहा वर्षे! गिरणीतला संप सहा महिने चालवताना काय हाल होतात हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या शेतकऱ्यांपुढे आम्ही मान लववतो. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. १९४८ चा कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले.

ही तारीख ध्यानात ठेवावी. खाडीकाठची जमीन म्हणजे खाजण. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, उघाडीतून गोड पाणी बाहेर सोडायचे, आणि खाऱ्या मातीत तग धरणारे राता भात पेरायचे. उधाणात बांध फुटला तर रात्री सारे गाव टोपल्या घेऊन धावे, कारण एकाचा बांध फुटला म्हणजे सर्वांचे शेत खारे होई. पावसाळा संपला की मिठागरे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात घणसोलीची माणसे पुढे होती, यात नवल नाही. मिठावरचा कर त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

आता हिशेब करा. मालकी आली १९५७ साली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या. १९६८ साली घणसोलीजवळ नोसिलचा पेट्रोकेमिकल कारखाना सुरू झाला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतली ९५ गावे संपादनाखाली आली. खोताच्या हातून सुटलेली जमीन कुळाच्या नावावर धड १३ वर्षे टिकली. पैसे मिळाले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. मिठागरावर मजुरी करणारा, खाडीत मासळी धरणारी बाई, यांचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हते. म्हणून त्यांचे नुकसान कागदावर झालेच नाही.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात, जासई परिसरात, शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे १९९० नंतर, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

इथे आयर्लंडाशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. तिथे माणसे गेली, जमीन राहिली. इथे जमीन गेली, माणसे जागच्या जागी राहिली, आणि जगच त्यांच्या दाराशी येऊन उतरले. १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली वाशीपर्यंत आगगाडी आली, २००४ साली ठाण्याकडून घणसोलीला आली. मुंबईचा घाऊक बाजार इकडे हलला, त्यामागे सातारा, सांगली, जुन्नरकडचे माथाडी आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना निदान हक्काचे मंडळ मिळाले होते, आणि घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. नवी मुंबई महापालिका हद्दीत २००१ साली सुमारे ७ लाख लोक होते, २०११ साली ११ लाखांच्या वर. वाढ म्हणतात ती ही. मूळचा गाववाला त्यात कुठेही न जाता अल्पसंख्य झाला.

बदल घरात शिरला तोही असाच. शेत गेल्यावर जमीन उरली ती गावठाणातली. मुलांची लग्ने झाली, घर वाढवले. वर मजला चढवून खोल्या भाड्याने दिल्या, आणि ज्या हाताने बांध घातला तो भाड्याची पावती फाडू लागला. हे सुख आहे असे समजू नये. नोकरी घरात एखाद्याला लागली, तीही पुढे कंत्राटी होत गेली. नोसिलचा तो कारखाना बंद पडून त्या जागी आज रिलायन्सच्या कचेऱ्या आहेत. त्यांच्या दारावर शिपाई म्हणून उभे राहणे आणि कारखान्यात कायम कामगार असणे यांत किती अंतर आहे, हे संघटनेतला माणूस सांगू शकेल. गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचे निर्णय शासनाने २०२२ साली व पुन्हा २०२४ साली काढले. म्हणजे एवढी वर्षे माणूस स्वतःच्या गावात अनधिकृत होता. लग्नात धवले गाणारी धवलारीण, जिच्या तोंडून विधी लागत, ती आता क्वचित दिसते. हळदीला मोठे भोंगे लागतात. नव्या पिढीला यासाठी बोल लावणे सोपे आहे, पण धवले शिकायला संध्याकाळ रिकामी लागते, आणि ती पाळीच्या नोकरीत मिळत नाही.

२०२१ ची शिरगणती झाली नाही. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. गणतीचा माणूस जन्म कुठे झाला, पूर्वी राहणे कुठे होते, हे विचारतो. साताऱ्याहून आलेल्या माथाड्याची त्यात स्थलांतरित म्हणून नोंद होते. गावठाणातला शेतकरी दोन्ही प्रश्नांना घणसोली हेच उत्तर देतो, आणि त्याची जमीन कुठे गेली हे विचारणारा रकाना त्या कागदात नाही. तो रकाना गावाने स्वतः भरावा. प्रत्येक घराने १९५७ साली नावावर किती जमीन होती, १९७० नंतर किती उरली, भूखंड मिळाला की नाही, घरात कायम नोकरी कितींना आणि कंत्राटी कितींना, एवढे एका वहीत लिहून काढले तरी काम सुरू होईल. माथाडी वसाहतीतल्या घरांनीही आपली वही करावी; दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायला आम्ही येऊ.