पदवीनंतरची परीक्षा

मुलगी बी.एड. झाली की घरोघर पेढे जातात आणि 'आता बाई झालीच की शाळेत' असे शेजारीही म्हणू लागतात. इंदूरच्या आमच्या एका आप्तांकडे असेच झाले. सहा महिन्यांनी मात्र त्या घरात सारे गप्प होते. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत मुलीला १५० पैकी ८४ गुण मिळाले होते. हवे होते ९०.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या आधारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही पात्रता आवश्यक ठरविली आणि २०११ पासून केंद्रीय परीक्षा सुरू झाली. दीडशे प्रश्न, तितकीच मिनिटे. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. ऐकावयास किती सोपे! तरीही २०१२ सालच्या नोव्हेंबरातील परीक्षेत शेकडा एक उमेदवारही उत्तीर्ण झाला नाही. आणि हे सारे अध्यापनाचे शिक्षण घेतलेले, निदान घेत असलेले.

दोष केवळ मुलांचा म्हणावा, तर त्याच वर्षीच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचे म्हणणे आठवते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याचा हवाला देऊन लिहिले आहे की, दहा हजारांवर स्वतंत्र अध्यापक विद्यालयांपैकी बहुसंख्य पैसे घेऊन पदव्याच विकतात. सगळीच तशी नाहीत. पण जेथे पाठ-टाचणांच्या वह्या आणि रंगीत तक्ते पुरे करण्यातच वर्ष सरते, तेथे अपूर्णांकाच्या बेरजेत मूल नेमके कोठे अडखळते, याचा विचार करण्यास सवड कोणाला?

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. या परीक्षेत दोन भाषांना प्रत्येकी ३० गुण असतात आणि केंद्रीय परीक्षेत मराठी निवडता येते. या मुलीने 'मातृभाषाच ती, तिचा काय अभ्यास करावयाचा?' म्हणून मराठी घेतली. सारे शिक्षण हिंदी माध्यमात. मराठी राहिली स्वयंपाकघरापुरती. उताऱ्यांवरील १५ प्रश्नांतच वेळ गेला. उरलेले १५ प्रश्न भाषा कशी शिकवावी यावर असतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. घरी बोलता येणे निराळे आणि छापील उताऱ्यातील सूक्ष्म अर्थ ओळखणे निराळे, हे आपण वडीलधाऱ्यांनीही कधी मनावर घेतले नाही.

ही चिंता नव्या पदवीधरांपुरतीच नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईंना पुन्हा बाकावर बसविणे मला कठोर वाटते. पण आपल्या नातवाच्या वर्गावर कोण असावे, असे कोणी विचारले तर माझीही जीभ अडखळेल.

एक दिलासा आहे. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ साली रद्द होऊन ते आजीव झाले, आणि परीक्षेस कितीही वेळा बसता येते. आमची मुलगी पुन्हा बसणार आहे, भाषा मराठीच. रोज रात्री ती आजोबांना एक उतारा मोठ्याने वाचून दाखविते आणि आजोबा त्यावर प्रश्न विचारतात. परवा त्यांच्याच एका प्रश्नाचे उत्तर त्यांना आले नाही.