बिनकुलपाची पेटी

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या गोष्टी बोलण्यात एकच समजल्या जात असल्या, तरी त्या निरनिराळ्या आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो. परंतु रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याचे ठोके चालू असतात. हृदय अचानक बंद पडते तेव्हा मात्र माणूस उभ्याउभ्या कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही. अशा अनेक प्रसंगी हृदयातील विद्युत्संदेशांची शिस्त मोडलेली असते आणि जवनिका, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारे खालचे दोन कप्पे, आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. या अवस्थेला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. छातीतून नेमका विजेचा धक्का दिल्यास ही थरथर थांबते आणि हृदयाच्या मूळ गतिप्रेरकाला ठोक्यांचा ताबा पुन्हा घेण्याची संधी मिळते.

हा धक्का देणारे उपकरण म्हणजे डिफिब्रिलेटर. अमेरिकेतील शल्यविशारद क्लॉड बेक यांनी 1947 मध्ये शस्त्रक्रियेच्या मेजावर एका मुलाचे हृदय या मार्गाने पुन्हा चालू केले, आणि 1965 मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी हे उपकरण रुग्णवाहिकेत नेले, तेव्हा त्याचे वजन सुमारे 70 किलो होते. आजचे स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर, ज्याला सर्वत्र ए.ई.डी. म्हणतात, एका हाताने उचलता येते. छातीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या की ते हृदयाचा आलेख स्वतः वाचते, धक्क्याची गरज आहे की नाही हे ठरवते आणि पुढे काय करायचे ते बोलून सांगते. गरज नसेल तर बटण दाबूनही ते धक्का देत नाही. त्यामुळे डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती ते निर्धास्तपणे देता येते.

प्रश्न उरतो तो वेळेचा. छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावात हा हिशोब अधिकच कठोर ठरतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि 2014 पासून राज्यभर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही सुरू आहे. परंतु मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूर गाठायचे तर साधारण तासभर लागतो, गळिताच्या हंगामात हमीदवाड्याच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात आणि पावसाळ्यात वेदगंगा पात्राबाहेर आली की वाटाच बदलाव्या लागतात. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पहिली चार-पाच मिनिटे जागेवर असलेल्या माणसांचीच असतात. सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय, शिवराज विद्यालय, राष्ट्रीय पातळीवरच्या महिला मल्ल घडवणारे कुस्ती संकुल अशा शेकडो तरुणांच्या वर्दळीच्या जागा असलेल्या या गावाने म्हणूनच या यंत्राचा विचार शहरांच्या आधी करावा.

तरुणांचे हृदय असे बंद पडत नाही, ही समजूत खरी नाही. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणे किंवा विद्युत्संदेशांत आनुवंशिक दोष असणे हे वर्षानुवर्षे लक्षात न येता ऐन व्यायामात उघडे पडू शकते, आणि छातीवर विशिष्ट क्षणी आदळलेला चेंडू निरोगी हृदयालाही थरथरीत लोटू शकतो. डिसेंबर 2004 मध्ये बंगळूरच्या मैदानावर ब्राझीलचा फुटबॉलपटू क्रिस्तियानो ज्युनियर सामना चालू असताना कोसळला आणि वाचू शकला नाही. जून 2021 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन तसाच कोसळला, परंतु मैदानावरच छातीवर दाब व विजेचा धक्का मिळाल्याने तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळला.

यंत्र कोठे ठेवायचे याचे उत्तर पावलांत मोजावे लागते. शिकागोच्या विमानतळांवर 1999 पासून ही यंत्रे भराभर चालत 60 ते 90 सेकंदांत पोहोचता येईल अशा अंतरांवर बसवण्यात आली. पहिल्या दोन वर्षांत तेथे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालेल्या 18 जणांपैकी 11 जण वाचले, आणि त्यांतील सहा जणांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र वापरण्याचे शिक्षण कधी घेतलेले नव्हते. हेच माप महाविद्यालयाला लावले, तर प्राचार्यांच्या दालनापेक्षा मैदान आणि व्यायामशाळा यांच्या मधली एखादी सावलीची, पावसाची झड न पोहोचणारी भिंत अधिक योग्य ठरते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात तापणाऱ्या भिंतीवर पेटी लावू नये, कारण बहुतेक यंत्रे 50 अंश सेल्सिअसपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेली असतात आणि उष्णतेने चिकटपट्ट्यांवरील जेल लवकर सुकते.

खरी अडचण मात्र कार्यालयात सुरू होते. महाविद्यालयात आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते, तिच्यापुढे कोणाच्या तरी ताब्याची सही होते आणि वार्षिक पडताळणीत ती वस्तू जागेवर सापडली नाही, तर सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. सूक्ष्मदर्शक किंवा प्रोजेक्टर यांच्या बाबतीत ही पद्धत रास्तच आहे. परंतु तीच ए.ई.डी.ला लावली की सही करणारा प्रामाणिक कर्मचारी चोरीच्या धास्तीने यंत्र कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली घेऊन सायंकाळी घरी जातो. मैदानावरचा सराव नेमका त्यानंतर सुरू होतो. दोष त्या कर्मचाऱ्याचा नसतो, जबाबदारीच्या मांडणीचा असतो. म्हणून व्यवस्थापन समितीने सुरुवातीलाच लेखी ठराव करावा की ही पेटी कधीही कुलूपबंद होणार नाही, दार उघडताच भोंगा वाजेल आणि पेटीची चोरी किंवा मोडतोड झाल्यास ती संस्थेची हानी समजली जाईल, कोणा एकाच्या पगारातून ती वसूल होणार नाही. हा एक कागद यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

त्यानंतर येते देखरेख. यंत्र स्वतःची तपासणी ठरावीक काळाने आपोआप करते आणि सारे ठीक असल्यास हिरवी खूण दाखवते, मात्र ती खूण पाहायला माणूस लागतो. चिकटपट्ट्यांच्या पाकिटावर मुदत छापलेली असते आणि ती साधारण दोन ते चार वर्षांची असते. बॅटरीही बहुधा दोन ते पाच वर्षांत बदलावी लागते. यंत्र देणगीतून येते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. तीन वर्षांनी लागणाऱ्या पट्ट्यांची तरतूद मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. देणगी स्वीकारतानाच हा आवर्ती खर्च वेगळा काढून ठेवावा. पेटीच्या आतल्या बाजूस एक तक्ता असावा आणि दर सोमवारी पाहणाऱ्याने त्यावर तारीख व सही करावी. हे काम माणसाच्या नव्हे, पदाच्या नावे असावे, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाले किंवा उन्हाळी सुट्टी लागली तरी चार्ज देताना ते पुढच्याकडे आपोआप जाईल. खरेदीच्या वेळी यंत्र कोणत्या भाषेत बोलते हेही विचारून घ्यावे. घाबरलेल्या विद्यार्थ्याला मराठी सूचना मिळणे ही चैन नव्हे.

यंत्र जवळ असूनही जीव जाऊ शकतो, हे जपानने फार मोठी किंमत देऊन शिकले. सप्टेंबर 2011 मध्ये साइतामा शहरातील प्राथमिक शाळेत धावण्याच्या सरावानंतर सहावीतील एक मुलगी कोसळली. शाळेत ए.ई.डी. होते, परंतु तिचा श्वास चालू आहे असे शिक्षकांना वाटले, म्हणून ते वापरलेच गेले नाही आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला येणारे आचके श्वासासारखे दिसतात, आणि हात-पाय झटकले गेल्यास फिट आल्यासारखे वाटते. पुढे तिच्या पालकांच्या सहभागाने शहराच्या शिक्षण मंडळाने असुका मॉडेल या नावाची मार्गदर्शिका तयार केली, तिचे सार असे की शंका असेल तर हृदय बंद पडले आहे असेच समजून कामाला लागावे. ग्रामीण महाराष्ट्रात हे विशेष लक्षात घ्यायला हवे, कारण कोसळलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्यात आणि तोंडावर पाणी मारण्यातच मोलाची मिनिटे निघून जातात. त्याऐवजी खांदे हलवून हाक मारणे, प्रतिसाद नसल्यास एकाने 108 ला फोन करणे, दुसऱ्याने पेटीकडे धावणे आणि तिसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब देत राहणे, ही क्रिया राष्ट्रीय सेवा योजना व एन.सी.सी.च्या विद्यार्थ्यांकडून वर्षातून दोनदा तरी, घड्याळ लावून, करून घ्यावी.

सरावात स्थानिक परिस्थिती यायला हवी. आखाड्यातील मल्लाच्या अंगावर घाम आणि तांबडी माती असते. ओल्या किंवा मातकट छातीवर पट्टी चिकटत नाही, म्हणून पेटीत कोरडा टॉवेल, कपडे कापायची कात्री आणि वस्तरा असलाच पाहिजे. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर लागते. मंगळसूत्र किंवा ताईत काढत बसू नये, बाजूला सारावा. मुलगी कोसळली तर कपडे दूर करण्याच्या संकोचाने मदत थांबते, असे अनेक देशांत आढळले आहे. म्हणून प्रशिक्षितांत महिला प्राध्यापक व विद्यार्थिनी पुरेशा असाव्यात, आणि त्या जवळ नसतील तेव्हा पुरुषांनी थांबू नये, हेही उघडपणे शिकवावे.

उद्या पोलिसांची चौकशी मागे लागेल, ही भीतीही मदतीला उठलेले हात मागे घेते. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे; आवारात कोसळलेल्या माणसाला ते कलम लागू होत नसले, तरी संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या 30 व्या कलमाचा आधार आहे. प्रशिक्षणात ही माहिती पहिल्याच दिवशी द्यावी.

यंत्र वापरले गेल्यावर त्यात नोंदलेला हृदयाचा आलेख उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा, वापरलेल्या पट्ट्या टाकून पेटीतील राखीव पाकीट त्याच दिवशी जोडावे आणि नव्या राखीव पाकिटाची मागणी नोंदवावी. ज्या विद्यार्थ्यांनी दाब दिले त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाणत्याने बसून बोलावे, विशेषतः रुग्ण वाचला नसेल तर. सारे योग्य करूनही काही हृदये पुन्हा सुरू होत नाहीत, हे त्यांना त्यांच्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.