तंजावूरचा काढा आणि रक्तातल्या पेशी

तंजावूरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी माणसे एकत्र काम करत. तिथले उपाय पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळमध्ये छापले. मराठी माणसाला या वारशाचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. मात्र पोथीत काढा सापडला की तो ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ असे म्हणणे हा पहिला गैरसमज. जंतू गिळणाऱ्या पेशींचे काम शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी दाखवले ते १८८२ च्या सुमारास, म्हणजे सरफोजी वारल्यानंतर अर्धशतकाने. पोथीतला काढा तापावर असतो, खोकल्यावर असतो. ‘इम्युनिटी’ हा शब्द आपण त्याला नंतर चिकटवला. सरफोजींचे मोठेपण मला दिसते ते दुसरीकडे: डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह ठेवलेली नोंदपत्रे त्या ग्रंथालयात आजही आहेत. रोगी कसा आला, काय उपचार केले, हे ते लिहून ठेवत.

तमिळनाडूत डेंग्यूची साथ आली की नीलवेंबू कुडिनीर वाटले जाते. सरकारही वाटते. नऊ घटकांच्या या सिद्ध काढ्यातला मुख्य घटक म्हणजे आपले पालेकिराईत, अर्थात काळमेघ. सोबत वाळा, चंदन, नागरमोथा, सुंठ, मिरी. हा काढा पेशींना चेतवतो, असे लोक धरून चालतात. काळमेघातल्या ॲन्ड्रोग्राफोलाइड या कडू द्रव्याचे प्रयोगशाळेत दिसलेले काम नेमके उलटे आहे. पेशीत दाह पेटवणारे ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन असते. त्याच्या एका भागाला हे द्रव्य चिकटते आणि त्याचे काम अडवते. डेंग्यूचा आजार गंभीर होतो त्यात शरीराच्या स्वतःच्या अतिरेकी प्रतिसादाचाही वाटा असतो. तेव्हा अशा तापात ‘शक्ती वाढवणे’ हवेच, हे गृहीतच तपासून पाहायला हवे. अर्थात, बशीत दाह कमी झाला म्हणजे माणसाचा डेंग्यू बरा झाला, असेही नाही.

ही बशी काय असते? माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, ३७ अंशांवर जोपासतात, त्यात अर्क घालतात आणि पेशींनी कोणते संदेशद्रव्य किती सोडले ते मोजतात. इथे फसायला पुष्कळ जागा आहे. पानामुळांवर जिवाणू असतात आणि त्यांच्या आवरणातले अंश अर्कात उतरतात. या अंशांची अगदी थोडी मात्रासुद्धा पेशींना खवळवते. अमेरिकेतल्या एकिनेशिया या लोकप्रिय वनस्पतीच्या अर्काने पेशी चेतवल्या जातात, त्याचे बरेचसे श्रेय अशा जिवाणूंच्या अंशांचेच होते, असे नंतर दिसून आले. म्हणून अर्कावरचा प्रयोग वाचताना हे अंश तपासले होते का, एवढे जरूर पाहावे.

दुसरी अडचण पोटाची. हळदीतले कर्क्युमिन बशीत पेशींवर उत्तम काम करते, पण तोंडाने घेतले तर रक्तात जवळपास पोहोचतच नाही. बंगळूरुमधील १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा शोषण कित्येक पटींनी वाढले.

मग वनस्पती निरुपयोगी ठरतात का? मुळीच नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर गुळवेलीची चाचणी घेतली. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता घटलेली होती. नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिलेल्या गटातच ती पूर्ववत झाली आणि त्या गटात एकाच्याही रक्तात जंतुसंसर्ग पसरला नाही. माणसे तीस, प्रश्न नेमका, मोजमाप चोख. मला या कामाचा फार आदर वाटतो.

पण याच गुळवेलीमुळे ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा समजही ढासळतो. २०२० च्या कोविड साथीत लोक ती रोज घेऊ लागले, आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृतदाहाचे ६ रुग्ण नोंदवले. पुढल्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. अनेकांच्या यकृतावर शरीराच्या स्वतःच्याच पेशी तुटून पडल्यासारखे चित्र होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसरीच जात वापरली गेली असावी असे सांगितले. तेही घडू शकते, कारण बाजारातल्या वेलीची ओळख कोण पटवतो?

आमवात, ल्यूपस, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी किंवा मूत्रपिंड बदललेल्यांनी काढा सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावे. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या मुद्दाम पेशींना दबवून ठेवण्यासाठी दिलेल्या असतात.