मागे राहिलेल्या मित्राचा शोक

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. हे आकडे मृतांचे आहेत. त्याच बाकावर बसणाऱ्या, डबा वाटून खाणाऱ्या मित्राची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. अर्थशास्त्रात अशा परिणामांना 'बाह्यता' म्हणतात. शब्द अचूक असला तरी येथे तो फार कोरडा वाटतो.

किशोरवयातील हा शोक इतर मृत्यूंनंतरच्या शोकाहून वेगळा असतो. 'काल त्याचा फोन घेतला असता तर?' हा प्रश्न मुलाची पाठ सोडत नाही. आत्महत्येमागे सहसा अनेक कारणे गुंतलेली असतात, एका न घेतलेल्या फोनमुळे ती घडत नाही. मात्र सोळा वर्षांच्या मुलाला हे कोणीतरी, आणि पुन्हा पुन्हा, सांगावे लागते. कधी त्याला मृत मित्राचा राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरची मंडळी त्याला आळस समजतात. सांत्वनासाठी लोक मृताच्या कुटुंबाकडे जातात. मित्राला सुतक नसते, त्यामुळे शोक करण्याचा अधिकारही जणू नसतो.

त्यातच मौनाची भर पडते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम राहिले नाही. कायदा बदलला, कुजबुज मात्र तशीच आहे.

अशा घटनेनंतर शाळेने सत्य साध्या शब्दांत, लहान गटांत सांगावे. मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन व उदात्तीकरण टाळावे. जवळच्या मित्रांकडे पुढील कित्येक आठवडे लक्ष ठेवावे. 'तुझ्याही मनात असे विचार येतात का?' असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. परंतु हे विचारणार कोण? शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देशित केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मागे राहिलेल्या मित्रालाही तेथे बोलता येते.