आधी लेन्स, मग कॅमेरा

साधारण चौदा हजार फुटांवर विमानाचं दार उघडतं. तिथून उडी मारल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळतं. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. डोकं खाली करून झेपावणारे याहून कितीतरी जोरात जातात. त्या एका मिनिटात, तेवढ्याच वेगाने शेजारी पडत, कुणीतरी हे सगळं टिपत असतं. स्कायडायव्हिंगच्या जगात त्याला ‘कॅमेरा फ्लायर’ म्हणतात. त्याचा कॅमेरा हातात नसतो, हेल्मेटवर घट्ट बसवलेला असतो, कारण हात-पाय उडण्यासाठी लागतात. झूम करायला, फोकस धरायला, चूक दुरुस्त करायला हात रिकामाच नसतो. जे ठरवायचं ते जमिनीवर ठरवावं लागतं. म्हणूनच या कामासाठी कॅमकॉर्डर आणि वाइड अँगल लेन्स निवडणं हे लग्नसमारंभासाठी कॅमेरा घेण्यापेक्षा अगदी वेगळं काम आहे.

या कलेचा पाया फिल्मच्या कॅमेऱ्यांनी घातला. अमेरिकेचा कार्ल बोनिश हा त्यातला मोठा माणूस. ‘द जिप्सी मॉथ्स’ या १९६९च्या चित्रपटातली आकाशातली दृश्यं टिपण्यात त्याचा वाटा होता. हेल्मेटला फिल्मचा कॅमेरा बांधून तो उड्या मारायचा. १९७८मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटान कड्यावरून मारल्या गेलेल्या उड्यांचं चित्रीकरण केलं आणि त्यातून ‘बेस जम्पिंग’ हा नवा खेळ उभा राहिला. १९८४मध्ये नॉर्वेतल्या ट्रोल्वेगेन कड्यावरून उडी मारताना त्याचा मृत्यू झाला. १९७९च्या ‘मूनरेकर’ या बाँडपटाची सुरुवातही आकाशातच होते. बाँड पॅराशूटशिवाय विमानातून फेकला जातो आणि हवेतच दुसऱ्याचं पॅराशूट हिसकावून घेतो. पडद्यावरच्या त्या थोड्या वेळासाठी ८८ उड्या माराव्या लागल्या, कारण एका उडीत कामाचे काही सेकंदच हाती लागायचे.

घरगुती व्हिडिओ कॅमेरे लहान होत गेले तशी ही विद्या सामान्य उडीबहाद्दरांच्या आवाक्यात आली. १९८९मध्ये सोनीचा टीआर-५५ हा आठशे ग्रॅमच्या आतला हँडीकॅम आला. १९९५मध्ये मिनी डीव्ही टेप आली आणि पाठोपाठ तळहातावर मावणारे कॅमकॉर्डर आले. उड्डाण केंद्रांवर ते हेल्मेटच्या बाजूला, ठोकळ्यासारख्या पेटीत बसू लागले. प्रशिक्षकाला बांधून पहिली उडी मारणाऱ्या पाहुण्याला तासाभरात स्वतःच्या उडीचा व्हिडिओ मिळू लागला.

पण या कॅमकॉर्डरची एक मूळ अडचण होती. त्यांचा सेन्सर नखाएवढा, आणि लेन्स बनवलेली वाढदिवस आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, दुरून झूम करून पाहण्यासाठी. झूम पूर्ण मागे घेतला तरी अनेक मॉडेलांचं दृश्य ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात साधारण ४४ मिलिमीटर लेन्सइतकंच रुंद असे. आडवा कोन सुमारे ४५ अंशांचा. पाच मीटर रुंदीचा गट चौकटीत बसवायचा तर सहा मीटर लांब राहावं लागतं. एवढ्या अंतरावरून चेहऱ्यावरची भीती नि हसू हरवतं, आणि डोक्याच्या किंचित हालचालीनेही चित्र सरकतं.

यावरचा उपाय म्हणजे लेन्सपुढे फिरवून बसवायची कन्व्हर्टर लेन्स. तिच्यावर ०.६, ०.५, ०.३ असे आकडे असतात. मूळ लेन्सच्या आकड्याला त्याने गुणायचं. ४४ला ०.५ने गुणलं की २२ येतात. कोन जवळपास ७९ अंशांचा होतो. आता तोच पाच मीटरचा गट तीन मीटरवरून मावतो. अंतर निम्मं झालं. चेहरे मोठे झाले, डोक्याची थरथर कमी जाणवू लागली, आणि जवळपास सगळंच फोकसमध्ये राहू लागलं.

या खरेदीचं मर्म इथेच आहे. तुम्ही लेन्स निवडता तेव्हा खरं तर तुम्ही किती जवळ उडणार हे निवडता. ०.३ची लेन्स लावली की दोन माणसंही चौकट भरायला हाताच्या अंतरावर यावी लागतात. क्षितिज कमानीसारखं वाकतं, कोपरे काळे पडू शकतात, आणि सहा-सात मीटरवरचा गट मुंग्यांसारखा दिसतो. फ्रीफ्लायर मंडळींना, म्हणजे उभ्याने किंवा उलटं उडत एकमेकांच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना, हीच लेन्स लागते. नवख्याने ती लावली तर एकतर चित्र फसतं, नाहीतर जवळ जाण्याच्या नादात टक्कर होते. पाहुण्यांच्या उड्यांसाठी ०.५ आणि चौघांच्या गटासाठी ०.५ किंवा ०.६, हा अनुभवी लोकांचा कल पटण्यासारखा आहे.

लेन्स घेताना दुकानात दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. कॅमकॉर्डरच्या पुढच्या आट्यांचा व्यास २५, ३०, ३७ मिलिमीटर असा वेगवेगळा असतो. लेन्स त्याच मापाची हवी, नाहीतर मधे जोडरिंग येते, वजन पुढे सरकतं आणि कोपरे अंधारतात. दुसरं म्हणजे वजन. काचेची भलीमोठी लेन्स उत्तम चित्र देते, पण पॅराशूट उघडताना शरीर काही सेकंदांत ताशी दोनशेवरून तीसेक किलोमीटरवर येतं, आणि त्या झटक्यात हेल्मेटवरचा प्रत्येक ग्रॅम मानेला सोसावा लागतो.

कॅमेऱ्याचं शरीर निवडतानाही जमिनीवरचे गुण हवेत दोष ठरतात. चित्र स्थिर ठेवणारी ऑप्टिकल यंत्रणाच उदाहरण म्हणून घ्या. तिच्यात लेन्सचा एक तुकडा अधांतरी तरंगतो. हाताची थरथर ती सुंदर जिरवते, पण वाऱ्याच्या माऱ्यात तो तुकडाच थडथडू लागतो. म्हणून कित्येक जण ती बंद ठेवतात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीची यंत्रणा पसंत करतात. २०१२पासून सोनीच्या काही हँडीकॅममध्ये तर संपूर्ण लेन्स-संचच तरंगता आला. घरी पाहायला तो अद्भुत, पण वाऱ्यात डोलणारा असा संच या कामाला निरुपयोगी.

हार्ड डिस्कवर चित्रण करणाऱ्या कॅमकॉर्डरची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. कॅमेरा हातातून निसटला तर तबकडी वाचावी म्हणून त्यात पडणं ओळखणारा संवेदक असे. पडल्याचं जाणवलं की तो लिहिणारी सुई बाजूला घेई. विमानातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही सेकंद, वेग स्थिरावण्याआधीचे, नेमके तसेच असतात. म्हणजे उडीतला सर्वांत देखणा क्षण गमावण्याची भीती. शिवाय अशा तबकड्यांना विरळ हवा मानवत नाही. मेमरी कार्डाने हे दोन्ही प्रश्न मिटवले, आणि टेपवर झटक्याने होणारी पडझडही संपली.

बाकीच्या बाबी साध्या आहेत, पण चुकवू नयेत. पडदा मिटल्यावर चित्रण थांबवणारा कॅमेरा नको. झूम पूर्ण मागे, फोकस हाताने ठरवून ठेवलेला. नाहीतर निळ्या आकाशापुढे कॅमेरा फोकस शोधत बसतो. चित्रण सुरू आहे की नाही हे डोळ्यांसमोर सांगणारा छोटा दिवा लावून घ्यावा. चार किलोमीटर उंचीवर हवा जमिनीपेक्षा पंचवीसेक अंशांनी थंड असते. बॅटरी लवकर मान टाकते, आणि दमट हवेत खाली येताना काचेवर बाष्प धरतं.

हे सगळं ज्याच्यावर बसतं ते हेल्मेट कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं. बाहेर आलेल्या प्रत्येक कोपऱ्यात पॅराशूटची दोरी अडकू शकते. म्हणून कडा गोल हव्यात, फटी बंद हव्यात, आणि दोरी अडकलीच तर एका हाताने हेल्मेट सोडून देता येईल असा हनुवटीचा पट्टा हवा. अमेरिकेची पॅराशूट संघटना कॅमेरा लावण्याआधी किमान २०० उड्यांचा अनुभव असावा असं सांगते. ते का, हे कॅमेऱ्यामागच्या माणसाचं काम पाहिलं की कळतं. त्याला स्वतःची उंची, इतरांची जागा, सूर्याची दिशा आणि आपलं पॅराशूट, या सगळ्याचं भान एकाच वेळी ठेवावं लागतं.

स्पर्धांमध्ये त्याचं स्थान किती मोठं आहे ते पाहावं. चौघांच्या फॉर्मेशन स्पर्धेत संघ ३५ सेकंदांत जास्तीत जास्त रचना करतो आणि पंच निकाल देतात तो पाचव्याने टिपलेल्या व्हिडिओवरून. हातांची पकड चौकटीत दिसली नाही तर चौघांची मेहनत वाया. फ्रीस्टाइल आणि फ्रीफ्लाइंगमध्ये तर कॅमेरा फ्लायरच्या कामालाही गुण असतात. २०१८च्या ‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’मध्ये टॉम क्रूझच्या उडीसाठी क्रेग ओब्रायन हेल्मेटवर कॅमेरा लावून विमानातून पाठमोरा बाहेर पडत असे. शंभराहून अधिक उड्यांनंतर ते दृश्य साधलं.

मराठी वाचकांच्या जवळचं उदाहरण पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचं. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांनी थायलंडच्या पट्टायाजवळ नऊवारी नेसून सुमारे तेरा हजार फुटांवरून उडी मारली. हवेत फडफडणारा तो काठ घराघरांत पोहोचला तो आकाशात टिपलेल्या चित्रणामुळेच.

आज बहुतेक हेल्मेटांवर छोटे अ‍ॅक्शन कॅमेरे दिसतात. गोप्रोचा पहिला एचडी कॅमेरा २००९मध्ये आला, आणि रुंद लेन्स त्यातच असल्याने कन्व्हर्टरची गरज उरली नाही. वजन घटलं, दोऱ्यांचा धोका कमी झाला, चित्रही चांगलं झालं. पण त्याच सोपेपणामुळे कमी उड्या झालेलेही कॅमेरा लावू लागले, आणि लहान कॅमेऱ्याने माणसाचं लक्ष कमी विचलित होतं असं नाही. दोरी लहान कॅमेऱ्यातही अडकते, आणि लाल दिव्याकडे पाहणारे डोळे उंचीमापकाकडे नसतात.

म्हणून ज्याला या कामात उतरायचं असेल त्याने क्रम उलटा करावा. आधी २०० उड्या पूर्ण कराव्यात. मग आपण कोणाला, किती जवळून टिपणार हे ठरवावं. त्यावरून लेन्सचा कोन ठरेल, कोनावरून कॅमेरा, आणि कॅमेऱ्यावरून हेल्मेट. दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारू नका. तीन मीटरवरून पाच मीटर मावतात का, आणि मान ते वजन पेलते का, हे विचारा.