दहावीची मेमधली परीक्षा: द्यायची की नाही?

सीबीएसईने 2026 पासून दहावीची बोर्डाची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारीतली पहिली सक्तीची, मेमधली दुसरी ऐच्छिक. विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांपैकी जास्तीत जास्त तीन विषयांत गुण वाढवण्यासाठी ती देता येते. दोन्हींतले जास्त गुण धरले जातात.

‘मेमध्ये बघू’ म्हणून पहिली परीक्षा मात्र टाळता येत नाही. तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेल्याला दुसरीला बसता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनही एकदाच होते. राज्य मंडळाच्या पुरवणी परीक्षेचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे राज्य मंडळात शिकणाऱ्या शेजारच्या मुलाचे ऐकून ठरवू नका.

खरी काळजी वाटते ती चांगले गुण मिळूनही पुन्हा बसवल्या जाणाऱ्या मुलांची. सोय ऐच्छिक आहे. ती घराने सक्तीची करू नये. पहिल्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मेच्या परीक्षेचा विषय काढूच नका. दोन-तीन दिवसांनी मुलालाच विचारा: कुठल्या विषयात पेपर लिहिताना गडबड झाली, आणि कुठे मुळातच समजले नव्हते? गडबड झाली असेल तर मेची परीक्षा उपयोगी पडते. संकल्पनाच कच्ची असेल तर काही आठवड्यांत फारसे हाती लागत नाही, कारण आता जवळपास निम्मे गुण समज आणि उपयोजन तपासणाऱ्या प्रश्नांना असतात. त्यांच्या तयारीसाठी घोकंपट्टीपेक्षा रोज एखादा धडा मुलाने आपल्याला समजावून सांगणे जास्त कामाचे.